ज्याला खाजत नव्हतं

माझा संशय पहिल्यापासून सुनेवर होता आणि तो मी कुणापासून लपवला नाही. लपवायचा तरी कशाला? केलेरा मोठ्या बेटावरच्या नौसोरी शहरातून लग्न होऊन आमच्या छोट्या बेटावर आली, येताना कुलूप लावलेली बॅग घेऊन आली, आणि थोड्याच काळात माझ्या घरात खरूज शिरली. दोन नि दोन चार, हे कळायला शाळेत जावं लागत नाही. आता गावात खरूज होतीच, नाही म्हणत नाही. पोरांना होते, पोरं खाजवतात, जाते. पण माझ्या घरात नव्हती, आणि मी माझ्या घरापुरतंच बोलतेय.

मोठ्यांना झाली असती तर मी एवढा आरडाओरडा केला नसता. ती नातवाला झाली. रुसी दीड वर्षाचा. त्याचा बाप, माझा नेमानी, ऑस्ट्रेलियात फळं तोडायच्या कामावर गेलेला, फोनवरून पोराला हसवायचा आणि पोर इकडे रडून रडून लाल व्हायचं. बोटांच्या बेचक्यात, तळव्यांवर, काखेत पुरळ. खाजवून खाजवून त्याचे फोड, फोडांत पू. एकदा औषध दिलं, बरं झालं. परत आलं. परत औषध, परत बरं, परत आलं. मग एका सकाळी उठला तो डोळे सुजलेले, आणि लघवी कोऱ्या चहासारखी.

बेटाच्या दुसऱ्या टोकाला दवाखाना आहे, तिथली नर्स उनाइसी होडीने आली. तिने पोराला तपासलं आणि मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, "ताराइविनीकाकू, फोडांतला पू रक्तात गेला की मूत्रपिंडं बिघडतात. या वेळी वाचलाय. ही खरूज पुन्हा पुन्हा होत राहिली तर मी कसलीच खात्री देणार नाही."

केलेरा तिथेच उभी होती. रडली नाही की काही नाही. मला म्हणाली, "आई, परत झालं तर मी याला घेऊन नौसोरीला माझ्या आईकडे जाईन. मग आम्ही परत येणार नाही."

तिचा हा थंडपणाच मला खटकायचा. आमच्याकडची बाई असती तर ओरडली असती, भांडली असती, मीही चार शब्द सुनावले असते आणि संध्याकाळी दोघींनी मिळून कसावा सोलला असता. ही हळू बोलायची आणि बोललेलं करायची. नातू आजाराने जाईल नाहीतर ही घेऊन जाईल, दोन्हीकडून माझंच घर रिकामं होणार होतं.

उनाइसीने त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना गोळ्या दिल्या, पोराला मलम दिलं. चादरी उकळल्या, चटया उन्हात टाकल्या. माझ्या भावाकडेही तिने गोळ्या पाठवल्या होत्या, पण त्याने निरोप धाडला, मला काही खाजत नाही, माझ्या वाटणीच्या पोरांना द्या. मला अभिमानच वाटला. असा माणूस आहे तो.

भावाबद्दल सांगायला हवं. रुसियाते माझ्याहून मोठा, सख्खा. बायको गेली, मुलं न्यूझीलंडला, आणि हा शेजारच्याच घरात एकटा. माझ्या नातवाला त्याचंच नाव दिलंय, म्हणून त्याचा जीव त्या पोरात अडकलेला. रोज संध्याकाळी यायचा, मोठ्यांच्या मानाच्या वरच्या दाराने आत यायचा, पोराला मांडीवर घेऊन बसायचा. आणि तो वरच्या दारातून आत आला की मी बाजूच्या दाराने बाहेर, स्वयंपाकाच्या झोपडीत. भांडण नव्हे हो. आमच्यात सख्खी बहीण नि भाऊ मोठे झाले की एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांकडे रोखून पाहत नाहीत, एका चटईवर बसत नाहीत. तो मान आहे. आणि आम्ही दोघं जुन्या वळणाचे. आजकालची पोरं बहिणीच्या गळ्यात पडून फोटो काढतात, त्यांच्याबद्दल मी काही बोलत नाही.

काही सांगायचंच झालं तर तो भांड्याला सांगायचा. "अगं कढई, तिला सांग, आज मासा झकास झालाय." मी झोपडीतून म्हणायची, "अगं चुली, त्याला सांग, नारळ त्यानेच पाठवला होता." गावात हसायचे आम्हाला. हसू देत. इतकी वर्षं एक वाकडा शब्द नाही गेला आमच्यात, बोलणाऱ्यांच्या घरी जाऊन बघा काय चाललंय ते.

त्याची कीर्ती यंगोना पिण्यात, म्हणजे मुळांची पूड पाण्यात कालवून केलेलं आमचं गुंगीचं पेय. दूरदूरची माणसं यायची त्याच्यासोबत बसायला, वाटीमागून वाटी, पहाटेपर्यंत. तेवढी यंगोना पिणाऱ्याच्या अंगाची साल निघते, कातडी कोरडी पडून खवले धरते, तिला आम्ही कानीकानी म्हणतो. दारुड्याचं नाक लाल होतं तसली ती लाज नाही. आमच्याकडे ती मोठ्या माणसाची खूण. "रुसियातेचे पाय बघा," असं पोरं कौतुकाने म्हणायची, "जुन्या बोटीचा तळ." मी ते पाय कधी बघितले नव्हते. माझ्या नजरेने बघायचे नसतात.

तर, गोळ्या घेतल्या, पोराचे फोड सुकले, खाज तेवढी मागे उरली, आणि मी लक्ष ठेवायला लागले.

केतकीच्या पानांच्या चटया विणायला आम्ही बायका एकत्र बसतो. माझी शेजारीण वासेमाथा पान सोलता सोलता म्हणाली, "ही साधी खरूज नाही बाई. करणी आहे. कुणीतरी पान पुरलंय तुझ्या उंबऱ्यात."

"पुरलंय ते पुरलंय. कुणी, ते सांग."

"ओळखायला सोपं आहे. ज्याने केली त्याला स्वतःला खाजत नाही."

मी हातातलं पान खाली ठेवलं. मला खाजत होतं, पोराला खाजत होतं, या वासेमाथालासुद्धा खाजत होतं, बोलता बोलता ती कोपर खाजवत होती. केलेराला मी खाजवताना कधी पाहिलं होतं? कधीच नाही.

"तशी रुसियातेदादालाही कुठे खाजतं," वासेमाथा हसत म्हणाली.

"त्याच्या अंगाला हात लावायची किड्याची टाप आहे का?" मी म्हटलं. "पान सोल गुपचूप."

घरी आले ती सुनेच्या हातांकडे बघतच. ती भांडी घासत होती, पोराला न्हाऊ घालत होती, भाजी चिरत होती, हात एकदाही कमरेकडे गेला नाही. बोलताना कधीकधी दात आवळायची, एवढंच. मी विचारलं, "तुला खाजत नाही का गं?"

"नाही आई."

"आम्हाला सगळ्यांना खाजतं."

"हो, दिसतं ते," ती म्हणाली आणि पाण्याला गेली. सांगा, यावर माणसाने काय समजायचं?

मग दुसरी गोष्ट माझ्या ध्यानात आली. संध्याकाळी भाऊ यायच्या वेळेला ही पोराला उचलायची आणि किनाऱ्यावर निघून जायची. एकदा झालं, दोनदा झालं, मी समजून घेतलं. रोजच व्हायला लागलं. म्हातारा यायचा, वरच्या दारापाशी बसायचा, वाट बघायचा. झोपडीतून मला त्याचं खोकणं ऐकू यायचं. मग तो हळूच म्हणायचा, "अगं कढई, तिला विचार, माझा नावभाऊ कुठे गेला?" माझं काळीज तुटायचं. ज्याचं नाव पोराला दिलंय त्याच्यापासून पोर लपवायचं, हा कुठला न्याय? कानामागून आली आणि तिखट झाली.

मी तिला झापलं. "मामा आल्यावर पोराला कुठे घेऊन जातेस?"

"वारा लागतो त्याला. बरं वाटतं."

"वारा काय मामांच्या मांडीवर लागत नाही?"

तिच्या तोंडात शब्द येऊन परत गेलेला मी पाहिला. ज्याच्या पोटात काही नसतं त्याला शब्द असे गिळावे लागत नाहीत, अशी माझी समजूत. त्या दिवसापासून मी तिला सोडून दुसऱ्या कुणाचा विचारच केला नाही.

आणि मग चटई. रुसी जन्मला तेव्हा मी त्याच्यासाठी विणलेली, कडेला लाल-हिरव्या लोकरीच्या झालरी लावलेली. तिच्यावर पोराला घेऊन माझा भाऊ बसायचा. एक दिवस बघते तर घरात चटई नाही. शोधत शोधत गेले तर नीरफणसाच्या झाडामागे प्लास्टिकचं पोतं, तोंड गच्च बांधलेलं. आत माझी चटई. उकळतं पाणी ओतलेलं असावं, झालरीचा रंग उतरून पानांवर पसरला होता.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चटईच्या आत पान ठेवलंय की केस गुंडाळलेत म्हणून मी ती घडी न् घडी झाडून बघितली. काही नव्हतं. तरी म्हटलं, करणी करणारी काय चिठ्ठी ठेवून जाते? चटई घरी आणली, झटकली आणि होती तिथे पसरली. त्या संध्याकाळी केलेराला मी मुद्दाम वासेमाथाकडे तेल आणायला धाडलं आणि पोराला घरी ठेवून घेतलं. भाऊ आला, पोर त्याच्याकडे झेपावलं. झोपडीत बसून मी दोघांचं खिदळणं ऐकलं आणि मला वाटलं, आज मी घराची घडी बसवली.

दुसऱ्या दिवशी विणायच्या जागी सगळ्या बायकांसमोर मी बोलले. "आमच्या घरात जे आलंय ते नौसोरीच्या बॅगेतून आलंय." केलेरा पाठीमागे पानांचा भारा घेऊन उभी होती. तिने भारा खाली ठेवला, नीट, पानं मोडू न देता, आणि निघून गेली. वासेमाथा म्हणाली, "फार लागेल असं बोललीस." मी म्हटलं, लागू दे.

पोराला परत पुरळ आलं. आधी बेचक्यांत, मग पोटावर. पुवाचे फोड आले. आणि एका सकाळी डोळे पुन्हा सुजले.

केलेरा बॅग भरायला बसली. मोठ्या बेटावर, सुव्हाला जाणारी बोट दुसऱ्या दिवशी येणार होती. उनाइसीला फोन गेला, ती दुपारपर्यंत पोचली. पोराला सुई टोचली, लघवी बघितली, म्हणाली, सूज कमी आहे, वेळेवर बोलावलंत, उद्या बोटीने नेलं नाही तरी चालेल, मी इथे थांबते. मग ती आम्हा दोघींकडे वळली. "पण मला एक कळत नाही. सगळ्यांनी औषध घेतलं. मग ही येते कुठून?"

"मला विचार," मी म्हटलं. माझा तोल गेला होता. "सगळ्या घराला खाजतं, हिलाच खाजत नाही. ही चटया पोत्यात कोंबते. ही पोराला त्याच्या नावाच्या माणसापासून पळवते. हिला पोर आजारीच पाहिजे, म्हणजे नवऱ्याला सांगून माहेरी जाता येईल. उनाइसी, तू शिकलेली आहेस, तू बघ हिच्याकडे."

नर्सने केलेराला आत नेलं. थोड्या वेळाने मला हाक मारली आणि म्हणाली, "काकू, बघा." केलेराने सदरा वर केला होता. कमरेभोवती, छातीखाली, मांड्यांवर ओरखडेच ओरखडे, काही सुकलेले, काही ताजे. आमच्यातल्या कुणापेक्षाही जास्त.

"मग सांगितलं का नाहीस?" मी म्हटलं.

"सांगून काय झालं असतं? तुम्ही म्हणाला असता, बघा, हिनेच आणली." तिने सदरा खाली ओढला. "खाजवायला मी संडासात जाते."

मी रागानेच बघत राहिले. उनाइसी मात्र तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघत होती. "केलेरा, तुझा कुणावर संशय आहे. चटई पोत्यात का बांधलीस? ते मीच गेल्या वेळी सांगितलं होतं, ज्या कपड्यावर संशय असेल तो बांधून ठेवा म्हणून. कुणावर आहे तुझा संशय?"

"मी बोलले तर आई मला या घरात ठेवणार नाहीत."

"उद्या तू जाणारच आहेस," मी म्हटलं. "बोल."

ती माझ्याकडे न बघता बोलली. "मामांचे हात."

मी हात उगारला होता, खोटं कशाला सांगू. उनाइसीने मनगट धरलं. "त्याला खाजत नाही," मी ओरडले. "त्याला आयुष्यात कधी खाजलेलं नाही. ती कानीकानी आहे. पोरापोरांना ठाऊक आहे."

"आई, चर्चचा उपास होता तेव्हा सगळ्या गावाने यंगोना सोडली होती," केलेरा म्हणाली. "मामांनीपण. बाकी सगळ्यांचे पाय स्वच्छ झाले. मामांची साल वाढली. ते पोराला घेतात तेव्हा कोंडा पडतो त्याच्या अंगावर, मी किती वेळा झटकलाय. पण मी सून, मी मोठ्या माणसाबद्दल असं बोलू कशी? आणि तेसुद्धा त्याच्या बहिणीला?"

"ज्याला खाजतच नाही त्याला खरूज कशी असेल?" मी नर्सला विचारलं. मला उत्तर एकच हवं होतं, 'नसते' असं.

उनाइसी पायरीवर बसली आणि मलाही बसवलं. "काकू, खाज किड्यामुळे होत नाही, आपल्या अंगामुळे होते. किडा कातडीत शिरला की अंग कुत्र्यासारखं भुंकतं. ते भुंकणं नसांमधून डोक्यापर्यंत जातं, मग हात उठतो आणि खाजवतो. खाजवण्याने बरेच किडे निघून जातात, अंगावर राहतात ते दहा-पंधरा. पण म्हातारपण असतं, साखरेचा आजार असतो, अंगातली लढाई थकते, नसा मुक्या होतात. मग कुत्रा भुंकतच नाही. हात उठत नाही. किडे आरामात घर करतात, कातडी थरावर थर चढवते आणि त्या थरांत किडे हजारोंनी राहतात, कधी लाखोंनी. वर तोच माणूस म्हणतो, मला काही होत नाही."

"मामांना साखर आहे," केलेरा म्हणाली. "पायात काटा गेला तरी कळत नाही त्यांना."

मला ते ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं. आम्ही म्हणायचो, काय सोशीक माणूस आहे.

उनाइसी त्याच्या घरी गेली. मी बाहेर अंगणात उभी राहिले, आत जायची माझी जागा नव्हती. आत ती अदबीने बोलत होती, तो हसून उत्तरं देत होता. मग ती बाहेर आली, हातात कागदाची घडी. घडीत पिवळट साल, चिमूटभर. तिने माझ्या हातात भिंग दिलं. आधी मला काही दिसेना. मग त्या सालीतलं काहीतरी हललं. मग दुसरं. मग सगळीकडेच.

मी भिंग परत दिलं. काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी माझी गत. पण खरं सांगते, पहिला विचार पोराचा आला नाही, सुनेचा आला नाही. पहिला विचार आला तो हा, की आता वासेमाथा म्हणेल, ज्याला खाजत नाही त्यानेच केली. माझ्या भावाला करणीवाला म्हणतील. आणि ही गोष्ट गावात पसरवायला मीच वाट करून दिली होती.

उनाइसीने सांगितलं ते असं. त्याला बरं केल्याशिवाय पोर बरं होणार नाही, कितीही औषधं ओता. त्याला गोळ्या पुन्हा पुन्हा द्याव्या लागतील. तोपर्यंत पोराने त्याच्याकडे जायचं नाही. आणि मुख्य म्हणजे कोमट पाण्यात भिजवून ते थर हळूहळू घासून काढायचे, मग मलम, नाहीतर औषध आत पोचणार नाही. "हे आजच सुरू करायचं," ती म्हणाली. "मी दवाखान्यात जाऊन बाकीच्या गोळ्या आणते. घासायला कोण आहे?"

शेजारचे दोघे पुरुष कुंपणापाशी उभे होते, ते मागे सरकले. एकाने तर थुंकून घेतलं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, बहीण भावाच्या अंगाला हात लावत नाही हे सांगायला लागत नाही.

"मी आहे," केलेरा म्हणाली.

तिने पोराला बघायला आलेल्या वासेमाथाच्या मांडीवर दिलं, घरात जाऊन भरलेली बॅग तशीच ठेवली, नर्सचे हातमोजे चढवले आणि टब उचलून त्याच्या घरात गेली. पाणी मी तापवलं. दारापर्यंत बादली नेऊन ठेवायची, ती आतून ओढून घ्यायची. दोन बादल्या झाल्या. तिसऱ्या वेळी आतून आवाज आला, "आई, मामांना खुर्चीवर बसवायचंय, मला एकटीला उचलवत नाहीत."

मी उंबऱ्यावर उभी होते. आमची आई असती तर काय म्हणाली असती, हे मला ठाऊक होतं. मी आत गेले.

मी त्याच्या एका काखेत हात घातला, केलेराने दुसऱ्या. तो हलका झाला होता. त्याने मान खाली घातली होती, मी भिंतीकडे बघत होते. खुर्चीत बसवल्यावर माझी नजर खाली गेली आणि तेव्हा मी माझ्या भावाचे हात पाहिले. ते हात नव्हतेच. बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी, नखं जाड होऊन वाकलेली, बेचक्यांत भेगा पडलेल्या, भेगांतून रक्त सुकलेलं. शेजारच्या घरात, रोज संध्याकाळी माझ्या दारात, हे असं. मी बादलीतलं पाणी टबात ओतलं.

केलेराने त्याचा उजवा हात पाण्यात धरला आणि मऊ फडक्याने चोळायला लागली. पाण्यावर साल तरंगायला लागली.

"पोरी, एक विचारू?" तो तिला म्हणाला.

"विचारा ना मामा."

"नर्सबाई गोल गोल बोलत होती. तू मला नीट सांग. रुसीला हे माझ्यामुळे झालं का?"

केलेराचा हात थांबला नाही. "छे हो मामा. मीच आणली नौसोरीहून. तुम्हालापण माझ्यामुळेच लागली."

म्हाताऱ्याने मोठा श्वास सोडला. खांदे सैल पडले त्याचे. मग म्हणाला, "म्हणजे तुझी सासू म्हणत होती ते खरं होतं तर."

"हो," ती म्हणाली. "आई म्हणत होत्या ते खरं होतं."

हेच तर मला हवं होतं. किती महिने मी तिच्या तोंडून हेच वदवून घ्यायला बघत होते, आणि आज ती माझ्यासमोर, डोळ्याची पापणी न हलवता, ते बोलली होती. गप्प बसले असते तर सगळं जागच्या जागी राहिलं असतं. भावाच्या जिवाला शांती, रीतीला धक्का नाही, गावाला सांगायला तयार गोष्ट. फक्त ती तेवढी उद्या नाहीतर परवा बोटीत बसली असती, पोराला घेऊन, आणि तिला थांबवायला माझ्याकडे तोंड उरलं नसतं.

तिथे कढई नव्हती, चूल नव्हती.

"दादा," मी म्हटलं.

केलेराने चमकून माझ्याकडे पाहिलं. त्याने मान वर केली नाही, पण अंग ताठ झालं.

"दादा, ती खोटं बोलतेय. तिचा काही दोष नाही. पोराला तुझ्या अंगावरून लागली. प्रत्येक वेळी तुझ्याच अंगावरून."

"आई," केलेरा हळूच म्हणाली.

भावाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. किती म्हातारा झाला होता तो, आणि डोळे आमच्या बाबांचे. पाण्यातला हात त्याने बाहेर काढला, उलटा केला, सुलटा केला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघितला. मग तो परत पाण्यात ठेवला आणि दुसरा हात माझ्यापुढे धरला.

"मग जोरात घास," तो म्हणाला. "मला काही दुखत नाही."